पंक्तिप्रपंच नाकारणारी आघाडी

ऑगस्ट म्हणजे केप टाउनचा हिवाळा, आणि तिथला हिवाळा पावसाचा. २० ऑगस्ट १९८३ रोजी शहराबाहेरच्या मिचेल्स प्लेन वसाहतीतल्या रॉकलंड्स सभागृहात माणसं मावेनात, म्हणून लगत मोठा मांडव घातला होता. देशभरातून बसगाड्या भरून लोक आले होते. चर्चची मंडळं, मुस्लिम तरुणांचे गट, भाडेवाढीविरुद्ध भांडणाऱ्या वस्तीसमित्या, विद्यार्थी, महिला, काही कामगार संघटना, आणि या सगळ्यांच्या मध्ये विद्यापीठांतली गोरी पोरंही. पाचशेच्या आसपास संघटना आणि दहा हजारांहून जास्त माणसं. त्या दिवशी युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट, म्हणजे यूडीएफ, ही आघाडी जन्माला आली. दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद देशाच्या आतून ज्यांनी खिळखिळा केला, त्यांत या आघाडीचा वाटा फार मोठा आहे. आपल्याकडे मात्र मंडेला सोडले तर या लढ्यातलं दुसरं नाव सहसा कुणाला आठवत नाही.

सभेची जागा नीट पाहायला हवी. मिचेल्स प्लेन ही सरकारनं १९७०च्या दशकात वाळूच्या सपाटीवर उभारलेली वसाहत, फक्त 'कलर्ड', म्हणजे मिश्र वंशाचे, ठरवलेल्या लोकांसाठी. शहराच्या पोटातला डिस्ट्रिक्ट सिक्स हा मोहल्ला ११ फेब्रुवारी १९६६ रोजी 'गोऱ्यांचा' जाहीर झाला आणि तिथल्या साठ हजारांच्या आसपास माणसांना हळूहळू उठवण्यात आलं. अशी उठवलेली कितीतरी घरं मिचेल्स प्लेनला आली. आपल्या रायगड-रत्नागिरीतून गेलेली कोकणी मुसलमान कुटुंबंही केप टाउनमध्ये होती. १९५०च्या ग्रुप एरियाज कायद्यानं त्यांना 'भारतीय' या खान्यात टाकलं, आणि भारतीयांसाठी रायलँड्स ही वेगळी वस्ती आखून दिली. कोणी कुठं झोपायचं, कोणत्या शाळेत शिकायचं, कोणत्या बाकड्यावर बसायचं, हे सगळं नोंदवहीतल्या एका शब्दावर ठरत होतं. ज्या वसाहतीची आखणीच माणसं वेगळी ठेवण्यासाठी झाली, तिथंच माणसं एकत्र आली.

पण एकत्र आली ती कशामुळे? जुलूम वाढला की लोक एकवटतात, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. १९८३ साली सरकार जुलूम वाढवत नव्हतं. उलट ते काही लोकांना काहीतरी देऊ करत होतं, आणि आघाडी उभी राहिली ती त्या देण्याविरुद्ध.

पी. डब्ल्यू. बोथा यांच्या सरकारनं नवी राज्यघटना आणली होती. संसदेची तीन सभागृहं होणार होती: गोऱ्यांचं १७८ सदस्यांचं, कलर्ड लोकांचं ८५चं आणि भारतीयांचं ४५चं. शिक्षण, घरं, आरोग्य या गोष्टी ज्यानं त्यानं आपल्यापुरत्या पाहायच्या, बाकीच्या सगळ्यांनी मिळून. तिन्हीत वाद झाला तर राष्ट्राध्यक्षांची परिषद निवाडा देणार, आणि तिच्यात बहुमत गोऱ्यांचंच राहील अशी मांडणी आधीच केलेली. आणि आफ्रिकनांना, म्हणजे तिथल्या काळ्या मूळ रहिवाशांना? लोकसंख्येत जे सत्तर टक्क्यांच्या वर होते, त्यांना या संसदेत एकही जागा नव्हती. त्यांच्यासाठी कागदावरची 'स्वदेशं', म्हणजे सरकारनं आखून दिलेले वेगळे प्रदेश, होती आणि वस्त्यांमधल्या नगरपरिषदा. या परिषदांच्या तिजोऱ्या रिकाम्या, म्हणजे गटार बांधायचं म्हटलं तरी आपल्याच लोकांचं भाडं वाढवायचं.

पंगतीत वाढताना एकाच्या पानात तूप आणि शेजारच्याच्या पानात ताक, याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो. ज्याच्या पानात काहीच पडलं नाही तो चिडून उठला, तर त्यात नवल नाही. वाढप्यानं त्याचा हिशेब आधीच केलेला असतो. ज्याच्या पानात तूप पडलं आहे तो हात आखडून बसला, की मात्र वाढप्याला पुढं सरकता येत नाही. यूडीएफची सगळी ताकद या एका गोष्टीत होती, असं माझं म्हणणं आहे. ज्यांना काहीतरी मिळत होतं त्यांनी ते नाकारलं. व्यापक आघाडी म्हणजे सगळ्या पीडितांची बेरीज, ही समजूत फार वरवरची आहे. पीडितांमध्येही पायऱ्या असतात आणि राज्यकर्त्यांना त्या नेमक्या ठाऊक असतात. वरच्या पायरीवरचा माणूस खालच्याचा हात सोडत नाही, तेव्हाच आघाडी होते.

ज्यांनी देऊ केलेलं घेतलं त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कलर्ड लोकांच्या लेबर पार्टीचे नेते अॅलन हेंड्रिक्सी हे धर्मोपदेशक आणि शिक्षक. १९७६ साली त्यांनी स्वतः कैद भोगली होती, तेव्हा त्यांना विकला गेलेला माणूस म्हणणं अन्यायाचं होईल. जानेवारी १९८३मध्ये एशोवे इथल्या अधिवेशनात त्यांच्या पक्षानं नव्या संसदेत जायचं ठरवलं. आत शिरू, मिळेल ते घेऊ आणि आतून दार मोठं करू, असं त्यांचं म्हणणं. उपाशी माणसाला अर्धी भाकरी नाकारायला सांगणं सोपं नसतं, हेही खरं. पण पुढं काय झालं ते पाहा. हेंड्रिक्सी मंत्रिमंडळात गेले. जानेवारी १९८७मध्ये पोर्ट एलिझाबेथला, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर ते समुद्रात पोहायला उतरले. देशाच्या मंत्र्यानं आपल्याच देशाच्या समुद्रात पाय बुडवले, एवढंच घडलं होतं. बोथा संतापले, आणि हेंड्रिक्सींना जाहीर माफी मागावी लागली. त्या अर्ध्या भाकरीत काय होतं आणि काय नव्हतं, ते या एका प्रसंगात दिसतं.

एशोवेच्या निर्णयानंतर तीन आठवडेही झाले नसतील, २३ जानेवारी १९८३ रोजी जोहान्सबर्गला एका परिषदेत अॅलन बुसाक यांनी संयुक्त आघाडीची हाक दिली. बुसाक डच रिफॉर्म्ड मिशन चर्चचे पाद्री. हे चर्चही वर्णभेदातूनच निघालेलं. १८५७ साली मूळ चर्चच्या धर्मसभेनं ठरवलं, की काहींच्या 'दुर्बलतेमुळे' प्रभूभोजनाला गोऱ्यांनी वेगळं आणि इतरांनी वेगळं बसायला हरकत नाही. त्यातून १८८१ साली कलर्ड लोकांचं चर्च वेगळं निघालं. म्हणजे तिथला पंक्तिप्रपंच अक्षरशः पंगतीवरूनच सुरू झाला होता. रॉकलंड्सच्या सभेत याच बुसाक यांनी तीन शब्द सांगितले: सगळे, इथेच, आत्ताच. आम्हाला आमचे सगळे हक्क हवेत, इथेच हवेत, आत्ताच हवेत. सरकारची घटना काहींना थोडंसं देत होती, बाकीच्यांना त्यांच्या 'स्वदेशा'त जा म्हणत होती आणि उरलेल्या गोष्टींसाठी थांबा म्हणत होती. तीन शब्दांत तिन्हींना उत्तर होतं.

आघाडी बांधण्याच्या कसबाबद्दल थोडं लिहायला हवं, कारण अशा आघाड्या बहुतेक वेळा कसब कमी पडल्यामुळेच फुटतात. यूडीएफमध्ये व्यक्तीला सभासद होता येत नव्हतं, संघटनेला होता येत होतं. प्रत्येकीनं आपलं नाव, आपला झेंडा, आपली सभा आपल्याकडे ठेवायची. एक घोषणापत्र मान्य करायचं आणि नव्या घटनेविरुद्ध एकत्र उभं राहायचं, एवढीच अट. आघाडीचे बहुतेक नेते मनानं आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे होते. १९५५ साली क्लिपटाउनला २,८४४ प्रतिनिधींनी संमत केलेली स्वातंत्र्याची सनद त्यांना पूज्य होती. तरी स्थापनेच्या वेळी ती सनद त्यांनी आघाडीची अट केली नाही. ज्या संघटना त्या परंपरेतल्या नाहीत त्यांना उंबऱ्यावर अडवायचं नव्हतं. सनद अधिकृतपणे स्वीकारली गेली ती चार वर्षांनी, १९८७ साली. आपल्याला सगळ्यात प्रिय असलेला कागद चार वर्षं खिशात ठेवायचा, याला मोठा संयम लागतो. आपल्याकडच्या किती चळवळींना तो साधला असता, असा प्रश्न मला पडतो.

अध्यक्षही एक नव्हता, तीन होते. ऑस्कर म्पेथा हे केपमधले वृद्ध कामगार नेते. आर्ची गुमेडे नाताळ प्रांतातले वकील. आणि अल्बर्टिना सिसुलू, व्यवसायानं परिचारिका, नवरा वॉल्टर जन्मठेपेवर. निवड झाली त्या दिवशी त्या स्वतःही कैदेत होत्या.

आघाडीच्या या बांधणीवर टीका झाली, आणि ती डावीकडूनही झाली. दोनच महिने आधी हॅमन्सक्राल इथं नॅशनल फोरम भरला होता. कृष्णवर्णीय जाणिवेचा विचार मानणारे त्यात प्रमुख होते. त्यांचा आक्षेप असा: लढा काळ्या श्रमिकांचा आहे, गोऱ्या उदारमतवाद्यांना त्यात घेतलं की धार बोथट होते, आणि वंशभेदाविरुद्धच्या आघाडीत 'नाताळ इंडियन काँग्रेस' अशा वंशाच्या नावानं चालणाऱ्या संघटना कशाला? दुसरा आक्षेप फोसाटू या मोठ्या कामगार महासंघाचा. आमचे प्रतिनिधी कारखान्यातल्या मतदानातून येतात आणि तिथंच जाब देतात. शंभर लहानमोठ्या मंडळांच्या गर्दीत ती शिस्त वाहून जाईल, म्हणून ते बाहेर राहिले. हा दुसरा आक्षेप मला वजनदार वाटतो. पुढं १ डिसेंबर १९८५ला डर्बनला कोसाटू ही नवी कामगार महासंघटना स्थापन झाली आणि कामगार आपल्या पायांवर उभे राहून आघाडीच्या जोडीनं चालले. त्यांनी आधी घेतलेली सावधगिरी वाया गेली नाही.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. कायद्यानं माणसं वेगवेगळ्या वस्त्यांत कोंबली होती. डर्बनच्या भारतीय वस्तीत दार वाजवायला तिथलाच माणूस लागणार, आणि त्याच्या मागं तिथल्या लोकांच्या ओळखीची संघटना लागणार. नाव 'इंडियन' असलं तरी ती संघटना दारात उभी राहून काय सांगत होती? तुमच्या हाती दिलेलं मत वापरू नका, कारण शेजारच्या वस्तीला ते दिलेलं नाही. ज्या भिंतीआड माणूस अडकला आहे त्या भिंतीआड जाऊनच त्याच्याशी बोलावं लागतं. भिंत नाहीच असं मानून चालणारा कार्यकर्ता फक्त आपल्यासारख्यांशी बोलत राहतो.

या संघटनेचा प्रवास आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी जरा जवळून पाहायला हवा. नाताळ इंडियन काँग्रेस गांधींनी १८९४ साली स्थापली. २२ ऑक्टोबर १९१२ला गोपाळ कृष्ण गोखले केप टाउनला उतरले आणि गांधींबरोबर देशभर फिरले. करार संपलेल्या गिरमिटियांवरचा तीन पौंडांचा कर रद्द करा, यासाठी त्यांनी प्रिटोरियात बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांशी बोलणी केली (हे बोथा वेगळे, लुई बोथा). याच वर्षी जानेवारीत ब्लूमफाँटेनला आफ्रिकनांची काँग्रेस (पुढची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) स्थापन झाली होती. तिचे पहिले अध्यक्ष जॉन डुबे यांची शाळा गांधींच्या फिनिक्स आश्रमाजवळच होती, आणि गोखले ती पाहायला गेलेही. पाहुणचार झाला, बोलणं झालं. पण मागण्या वेगळ्या, अर्ज वेगळे, लढे वेगळे. पुढच्याच वर्षी जमिनीचा कायदा आला आणि आफ्रिकनांना देशाच्या सात टक्क्यांच्या आसपास जमिनीत बंद करण्यात आलं. भारतीयांचा लढा आपल्या वाटेनं चालू राहिला. गोखल्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी हे लिहायलाच हवं, की त्या काळच्या भारतीय नेतृत्वाला आपल्या लोकांची पायरी वर न्यायची होती. जिना पाडण्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता.

तो विचार यायला पस्तीस वर्षं लागली. भारतीयांना जमिनीच्या खरेदीपासून रोखणारा कायदा १९४६ साली आला, सत्याग्रह झाला, माणसं तुरुंगात गेली, आणि ९ मार्च १९४७ रोजी तीन डॉक्टरांनी एका करारावर सह्या केल्या: आफ्रिकन काँग्रेसचे ए. बी. क्सुमा, नाताळचे मॉन्टी नायकर आणि ट्रान्सवालचे युसुफ दादू. यापुढं मताधिकारासाठी आणि समान हक्कांसाठी एकत्र लढू, असा तो करार.

कराराची शाई वाळते न वाळते तोच परीक्षा आली. १३ जानेवारी १९४९ला डर्बनच्या बाजारात एक आफ्रिकन पोरगा आणि एक भारतीय दुकानदार यांच्यात कुरबूर झाली. अफवा पसरली, आणि दोन दिवस भारतीयांची दुकानं, घरं जळत राहिली. मृतांचा अधिकृत आकडा १४२, आणि त्यात आफ्रिकनांची संख्या जास्त, कारण पोलिसांच्या गोळ्यांना तेच बळी पडले. आफ्रिकनांना दुकानाचा परवाना मिळत नव्हता, बसचा मिळत नव्हता. भारतीयाला जे थोडं मिळालं होतं तेच समोर रोज दिसत होतं. गोरा साहेब कुठंतरी लांब. उधारी मागणारा आणि बसमध्ये तिकीट फाडणारा भारतीय मात्र समोर. पायऱ्यांचा जिना असाच काम करतो. त्या राखेतून दोन्हीकडचे नेते पुन्हा एका व्यासपीठावर आले, आणि २६ जून १९५२ला सुरू झालेल्या कायदेभंगात आठ हजारांवर माणसं एकत्र तुरुंगात गेली. करारावर सही केल्यानं आघाडी झाली नव्हती. ती झाली डर्बनच्या दंगलीनंतरही करार न फाडल्यामुळे.

म्हणून १९८३-८४मध्ये डर्बनच्या आणि जोहान्सबर्गजवळच्या लेनेशियाच्या भारतीय घरांत जे बोललं गेलं, त्याला एवढं वजन होतं. कार्यकर्ते सह्यांचे कागद घेऊन फिरत होते. दहा लाख सह्यांचा संकल्प होता, आणि निम्म्यापर्यंतही आकडा गेला नाही. वर्तमानपत्राच्या हिशेबानं मोहीम फसली. पण एक सही घ्यायला अर्धा तास लागतो, चहा घ्यावा लागतो, म्हातारीचं पेन्शन का अडकलं ते ऐकावं लागतं, 'यात अडकलो तर पोराची नोकरी जाईल' ही भीती ऐकावी लागते. ज्या पोरांनी ती दारं वाजवली, त्यांना आपली वस्ती पहिल्यांदा कळली. ऑगस्ट १९८४मध्ये मतदान झालं. नोंदलेल्या मतदारांपैकी कलर्ड लोकांत सुमारे तीस टक्के आणि भारतीयांत सुमारे वीस टक्के लोक मतदानाला गेले. कित्येकांनी तर नावच नोंदवलं नव्हतं. तूप पानात पडलं होतं, आणि बहुतेकांनी त्याला बोट लावलं नाही.

३ सप्टेंबर १९८४ला नवी घटना अमलात आली, आणि त्याच दिवशी जोहान्सबर्गच्या दक्षिणेला सेबोकेंग, शार्पव्हिल या वस्त्या भाडेवाढीवरून पेटल्या. यापुढच्या वर्षांबद्दल घाईनं लिहिणं योग्य नाही, पण सगळं लिहायला जागाही नाही. क्रॅडॉक गावचे शिक्षक मॅथ्यू गोनिवे हे ईस्टर्न केपमधले आघाडीचे संघटक. २७ जून १९८५च्या रात्री ते आणि त्यांचे तीन साथी पोर्ट एलिझाबेथहून घरी परतत होते. सुरक्षा पोलिसांनी वाटेत गाडी अडवून चौघांना मारलं. २० जुलैला त्यांच्या अंत्ययात्रेला हजारो लोक जमले, आणि त्याच रात्रीपासून सरकारनं आणीबाणी लावली. १ ऑगस्टला डर्बनमध्ये आघाडीच्या वकील व्हिक्टोरिया म्क्सेंगे यांचा त्यांच्या घराच्या दारात खून झाला. राजद्रोहाचे खटले भरले गेले. हजारो लोक चौकशीविना कोंडले गेले. फेब्रुवारी १९८८मध्ये आघाडीच्या कामावरच बंदी आली. ती तरी संपली नाही, कारण ती एका कार्यालयात नव्हती. पाचशे ठिकाणी विखुरलेली गोष्ट एका कुलपात मावत नाही.

दोषही होते, आणि ते झाकून मला हा लेख लिहायचा नाही. खबऱ्या ठरवलेल्या माणसाच्या गळ्यात पेटता टायर घालणारी गर्दी आघाडीच्याच वस्त्यांत होती. नेत्यांनी निषेध केला, पण उशिरा आणि अडखळत. नाताळमध्ये इंकाथा या झुलू संघटनेच्या लोकांशी जे रक्त सांडलं, त्यात दोन्ही हात माखले. काही मोजक्या लोकांच्या हाती पैसा आणि निर्णय एकवटल्याची तक्रार आतूनच होती. आणि फेब्रुवारी १९८९मध्ये विनी मंडेलांच्या अंगरक्षकांच्या कृत्यांनंतर आघाडीच्या नेत्यांनी त्यांच्यापासून जाहीरपणे अंतर घेतलं. हे करणं किती अवघड होतं याची कल्पना करा: नेल्सन अजून तुरुंगात, आणि त्यांच्या पत्नीविरुद्ध बोलायचं. मला तो दिवस रॉकलंड्सच्या सभेइतकाच मोठा वाटतो.

२ फेब्रुवारी १९९०ला आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरची बंदी उठली. आता खरा पक्ष आला, आपलं काम संपलं, असं आघाडीनं मानलं आणि २० ऑगस्ट १९९१ला, बरोबर आठव्या वाढदिवशी, स्वतःला विसर्जित केलं. बहुतेक इतिहासकार याला समंजस शेवट म्हणतात. मी याला चूक म्हणतो. पक्षाला मतं लागतात. आघाडीला शेजार लागतो. दुसरी गोष्ट पहिलीत मुरून जाते असं मानणं घातक होतं.

एप्रिल १९९४मध्ये पहिली सर्वांची निवडणूक झाली. वेस्टर्न केप प्रांतात नॅशनल पार्टी, म्हणजे ज्या पक्षानं वर्णभेदाचं सरकार चालवलं तोच पक्ष, त्रेपन्न टक्के मतं घेऊन निवडून आली, आणि त्यातली मोठी संख्या कलर्ड मतदारांची होती. आफ्रिकन आले तर तुमची नोकरी जाईल, घर जाईल, ही भीती घरोघरी पोचवली गेली होती. प्रांतात काँग्रेसच्या यादीचं नेतृत्व करत होते अॅलन बुसाक, ते हरले. प्रांताचे मुख्यमंत्री झाले हर्नस क्रील, जे त्याआधी पोलीस खात्याचे मंत्री होते. मिचेल्स प्लेनला अगदी लागून खायेलित्शा आहे, ज्या १९८३ साली आघाडी जन्मली त्याच वर्षी आफ्रिकनांसाठी जाहीर झालेली वसाहत. तिथल्या लोकांनी भरभरून काँग्रेसला मत दिलं. दोन्ही वसाहतींच्या मधे एक रस्ता आहे. तो ओलांडून पलीकडचं दार वाजवायचं, आणि दार उघडल्यावर काय बोलायचं, हे ज्यांना ठाऊक होतं ते कार्यकर्ते एव्हाना पक्षाच्या कचेऱ्यांत आणि नव्या सरकारच्या खुर्च्यांवर निघून गेले होते.